मोर्चा चालायला लागला त्याच्या आधी

(पारोळा येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बसस्टँडवरून मी इथवर चालत आलो. वाटेत एका भिंतीवर कापसाच्या भावासाठी निघणाऱ्या मोर्चाचं पत्रक लावलेलं होतं. तिथून हाकेच्या अंतरावर तुमच्या भुईकोटाचा खंदक. आज ज्या शब्दापासून सुरुवात करायची असं ठरवून मी निघालो होतो, तोच शब्द त्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत होता. आणि तो शब्द ज्या जागी जन्मला तशीच जागा, म्हणजे किल्ल्याचा तट आणि त्यापुढचं मोकळं मैदान, त्याच्या समोर होती. तीनशे वर्षांपूर्वी या खंदकाच्या काठावर उभं राहून कुणी 'मोर्चा निघाला' म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्याला काहीच कळलं नसतं. मोर्चा निघत नसे. मोर्चा लागत असे, बसत असे, बांधला जात असे.

हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. किल्ल्याला वेढा घातला की वेढा घालणारे तटापासून बेतानं अंतर ठेवून चर खणत. खणलेल्या मातीचा पुढे बांध घालत, मातीनं भरलेल्या टोपल्या रचत, आणि त्या आडोशाला तोफ आणून बसवत. ती जागा म्हणजे मोर्चा. तिथे माणसं आठवडेच्या आठवडे चिखलात नाही तर उन्हात बसून राहत. रात्री चर थोडा पुढे सरके, सकाळी तटावरून गोळे येत. आपण राजकारणात 'मोर्चेबांधणी' म्हणतो त्यात हा मूळ अर्थ शाबूत आहे. 'त्यानं आपला मोर्चा माझ्याकडे वळवला' म्हणतो तेव्हा तोफेचं तोंड फिरवल्याचं चित्र डोळ्यांपुढे आणावं, म्हणजे शब्दाची खरी ताकद कळते. विसाव्या शतकात हा शब्द रस्त्यावर आला. माझी समजूत अशी की समोर एक बलाढ्य भिंत आहे आणि आपण खाली मैदानात आहोत, हा भाव लोकांनी उचलला आणि मोर्चाला पाय दिले. कापसाचं बोंड हातात घेऊन कचेरीकडे जाणाऱ्या माणसाला हा शब्द कुणी शिकवला नाही. त्यानं तो बरोबर निवडला.

माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो, कारण या विषयात मी शिरलो तो तिच्यामुळे. मी शाळेत मराठी शिकवायचो. इतिहासाच्या एखाद्या उताऱ्यात 'बाणांचा मारा' आला की मी फळ्यावर धनुष्य काढायचो. मुलंही वहीत धनुष्य काढायची. कित्येक वर्षं असं चाललं. पुढे मोडी शिकलो आणि धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसू लागलो. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी ते मंडळ उभं राहिलं; आपल्या खान्देशाचं ते मोठं भाग्य आहे. तर तिथे जुने कागद वाचताना बाण हे तोफा, गोळे आणि दारू यांच्या पंगतीला बसलेले दिसले. उंटांवर लादलेले बाण. तेव्हा उलगडलं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत लढाईच्या वर्णनात येणारा बाण बहुतेक वेळा अग्निबाण असतो: दारू ठासलेली नळी आणि तिला बांबूची लांब शेपटी. पेटवला की फुसफुसत, वेडावाकडा जाऊन तो घोडदळात घुसतो आणि जनावरं बिथरतात. तो चालवणारा बाणदार. धनुष्यातून सुटतो तो तीर, आणि तो सोडणारा तिरंदाज. सातपुड्याच्या पायथ्याशी आपण आजही 'तीरकामठा' म्हणतो. दोन शब्द दोन निरनिराळ्या वस्तूंसाठी भाषेनं नीट वेगळे ठेवले होते. मी ते एकाच धनुष्यावर चढवले. ज्या मुलांना मी तसं शिकवलं त्यातली काही आज पन्नाशीला आली आहेत. त्यांची वही आता दुरुस्त करता येत नाही, म्हणून जिथे बोलावतील तिथे जाऊन हे सांगतो.

त्यानंतर मी लढाईचे शब्द जमवू लागलो. तलवारीची आणि ढालीची नावं पुष्कळ मिळतील अशी अपेक्षा होती, आणि ती मिळालीही. सरळ पात्याची धोप. परदेशी पात्याची फिरंग. कोपरापर्यंत हात झाकणारा पट्टा, ज्याच्यावरून 'तोंडाचा पट्टा सुटला' असं आपण म्हणतो. जिरेटोपातल्या जिऱ्याचा फोडणीशी काही संबंध नाही. फारसीत 'जिरिह' म्हणजे कड्यांचं चिलखत. पण वही भरत गेली तशी एक गोष्ट ध्यानात आली. जे शब्द टिकले, जे आपल्या घरात आणि बाजारात येऊन राहिले, ते पात्याच्या धारेचे फार थोडे आहेत. गवत, पाणी, माती, दोर, दारू, भीती आणि शब्द पाळणं-मोडणं यांचे ते शब्द आहेत. लढाई ज्यांनी खरोखर भोगली त्यांच्या तोंडचे.

साल्हेरचंच घ्या. साल्हेर बागलाणात, आज नाशिक जिल्ह्यात. आपल्याच शेजारचा, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, 1,567 मीटर. 1672 साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेला उघड्या मैदानात हरवलं. सभासदाची बखर, म्हणजे शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीचा जुना वृत्तांत, ही लढाई सांगते. धुरळा इतका उडाला की आपला कोण आणि परका कोण ते दिसेना. आणि मराठ्यांचे सरदार सूर्यराव काकडे पडले ते 'जंबुरियाचा' गोळा लागून. सभासद त्यांना महाभारतातल्या कर्णाची उपमा देतो. जंबुरा ही उंटाच्या पाठीवरून डागायची लहान तोफ. फारसीत 'जंबूर' म्हणजे गांधीलमाशी. तोफ लहान, आवाज चिरका, आणि डंख लागला की माणूस गेला. ज्यानं पहिल्यांदा हे नाव दिलं त्यानं ती तोफ नक्कीच समोरून पाहिली असणार. उंटावरच्या अशा तोफेला शुतरनाळ असंही म्हणत, कारण 'शुतर' म्हणजे उंट. हत्तीवरची ती गजनाळ.

आता 'दारू'. फारसीत दारू म्हणजे औषध. तो अर्थ आपण विसरलो असं वाटतं, पण 'दवादारू' या जोडशब्दात तो जसाच्या तसा जिवंत आहे. आजारी माणसाची दवादारू करताना बाटलीतली दारू कुणाच्या मनात येत नाही. तीच दारू 'दारूगोळा' म्हणताना स्फोटक होते आणि नुसती 'दारू' म्हटली की गुत्त्यात जाते. एकाच शब्दात रोग बरा करणारी वस्तू, माणूस उडवणारी वस्तू आणि घर बुडवणारी वस्तू. तोफेच्या कानात, म्हणजे मागच्या लहान भोकात, जी बारीक दारू घालायची ती रंजक. ती पेटवायला सुताची जळती वात, तिला जामगी किंवा तोडा म्हणत, म्हणून ती तोड्याची बंदूक. पायातल्या दागिन्यालाही आपण तोडा म्हणतो. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तोफ सोडून जाताना तिच्या कानात खिळा ठोकत. 'तोफांना खिळे मारले' हे वाक्य बखरीत आलं की त्या फौजेनं पुढची आशा सोडली असं समजावं.

तोफ चालवणारा गोलंदाज. तुम्ही हसता आहात, कारण तुम्हाला क्रिकेट आठवलं. बरोबरच आहे. फारसीत 'अंदाज' हा प्रत्यय फेकणाऱ्याला लागतो: तीर फेकणारा तिरंदाज, वीज फेकणारा बरकंदाज म्हणजे बंदूकवाला, गोळा फेकणारा गोलंदाज. क्रिकेट मराठीत आलं तेव्हा चेंडू फेकणाऱ्याला तोफखान्यातून हा तयार शब्द मिळाला. मग त्याच्या जोडीला फळीवाल्याचा फलंदाज झाला. फोड करून पाहिली तर फलंदाज म्हणजे फळी फेकणारा! पण शब्द फोड करून चालत नाहीत, कानावर चालतात. आणि डावाच्या सुरुवातीला येतो तो 'बिनीचा' फलंदाज. बिनी म्हणजे फौजेची सगळ्यात पुढची तुकडी. फारसीत बिनी म्हणजे नाक. फौजेचं नाक. पहिला फटका नाकावर बसतो. पेशवाईतल्या विसाजी कृष्णांना बिनीवाले म्हणत ते यावरूनच.

लढाई संपल्यावरचे शब्द मला जास्त अस्वस्थ करतात. जुन्या कागदांत 'अमुक अमुक कामास आले' असं वाक्य येतं. विद्यार्थी वाचतो आणि त्याला वाटतं, उपयोगी पडले. म्हणायचं असतं: मेले. लढाईत मेलेल्या माणसाबद्दल 'मेला' हा शब्द लिहायला लेखणी धजत नसे. धन्याच्या कामास आला, एवढंच लिहीत. त्याच्याच शेजारी दुसरा शब्द: 'जाया'. किती माणसं जाया, किती जखमी. हा अरबीतला, अर्थ वाया गेलेलं, नष्ट झालेलं. एकाच यादीत एका ओळीत माणूस कामास येतो आणि दुसऱ्या ओळीत जाया होतो. हे दोन्ही शब्द लिहिणारा कारकून एकच. त्याच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

आणि 'शिकस्त'. फारसीत शिकस्त म्हणजे मोडणं, पराभव. जुन्या मराठीतही 'शिकस्त खाल्ली' म्हणजे हरले. आज आपण 'प्रयत्नांची शिकस्त केली' म्हणतो, म्हणजे करता येईल तेवढं सगळं केलं, मोडेपर्यंत केलं. हरण्याचा शब्द जिद्दीचा झाला. हा बदल मराठीनं आपल्या मनानं केला आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

आता छावणीत चला. लढाई एखादा दिवस चाले. साल्हेरसारखी असली तर बखरीत जाई. बाकीचे महिने फौज चालत असे, नाही तर छावणीत असे. 'छावणे' म्हणजे शाकारणं, छप्पर घालणं. आपल्या गावांत धाब्याची घरं, त्यामुळे हे क्रियापद आपल्या ओठांवर नाही. पण वर पाड्यांवर गेलं की गवतानं शाकारलेलं छप्पर दिसतं, ते छावलेलं. पावसाळ्यात नद्यांना पूर, वाटा बंद, तेव्हा फौज चार महिने एका ठिकाणी गवताची छपरं घालून राहायची. ती छावणी. सभासदाच्या बखरीप्रमाणे शिवाजी महाराजांची रीतच अशी होती की दसऱ्याला लष्करानं छावणीतून कूच करायचं, आठ महिने बाहेर परमुलखात काढायचे आणि पावसाळ्याला परत छावणीत यायचं. शिलंगणाचं सोनं लुटणं ज्याला आपण म्हणतो त्याच्या मागे हा हिशोब आहे.

या छावणीवरचं महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे, 1673 सालचं, चिपळूणकडे पावसाळी मुक्कामाला असलेल्या पागेच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. त्यात तलवारीचा शब्द नाही. दाणा आणि गवत आताच उधळाल तर भर पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, कुणी धान्य आणील, कुणी भाजी, आणि लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे. चुली सांभाळा, चिलीम ओढताना सांभाळा, रात्री दिवे विझवा, कारण उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल. राज्य उभं करणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतो आहे. लढाई म्हणजे काय ते हे पत्र वाचून मला कळलं. गवत जळलं की घोडी गेली, घोडी गेली की राज्य गेलं.

आणि आता हाच शब्द आपल्याकडे कुठे येऊन थांबला पाहा: चारा छावणी. पाऊस फार असतो म्हणून जी बांधायची ती छावणी, आज पाऊस नसतो म्हणून बांधली जाते. दुष्काळात गुरं घेऊन छावणीत दिवस काढलेली माणसं इथे बसली असतील. तुम्हाला त्या शब्दाचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त कळतो. जनावर जगवायचं, गवत पुरवायचं; मधल्या साडेतीनशे वर्षांत त्या शब्दाचं काम बदललेलं नाही.

घोड्यांचं निघालंच आहे तर शिलेदार आणि बारगीर. शिलेदाराचं घोडं आणि हत्यार स्वतःचं. बारगीराला दोन्ही सरकारातून. आज 'शिलेदार' गौरवानं म्हणतो, 'बारगीर' कुणी म्हणत नाही. पण महाराजांचा भर बारगीरांवर होता, सरकारी पागेवर, कारण शिलेदार आपलं घोडं वाचवायला बघतो. बंगालमध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या झाल्या, 1741 नंतरची दहाएक वर्षं, तेव्हा तिथल्या लोकांनी या बारगीरांना 'बर्गी' म्हटलं. तिथल्या आया अजून पोरांना झोपवताना बर्गी येतील असं गातात. आपल्या पागेतला एक साधा पगारी स्वार तिकडे बागुलबुवा झाला, हेही आपल्याला ठाऊक हवं.

पंचवीस बारगीरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांचा एक हजारी, आणि त्यावर पंचहजारी. हवालदार आज पोलीस चौकीत आहे. शिपाई, म्हणजे सिपाह, लष्कर, त्यातला माणूस. तो आज शाळेत घंटा देतो. पण मला या रचनेतला आवडतो तो वेगळाच तपशील. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पखालीतून पाणी पुरवणारा आणि घोड्याच्या टापांना नाल ठोकणारा. ज्यानं चैत्र-वैशाखात तापीकाठानं पायी प्रवास केला असेल त्याला विचारा, फौजेत सगळ्यात मोठा माणूस कोण. पखालजीचं नाव कुठल्याही पोवाड्यात सापडत नाही.

रसद पुरवायला लमाणांचे तांडे असत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ. चाळीसगाव, पाचोरा, जामनेरकडे आजही वस्तीला तांडा म्हणतात. चालता शब्द तिथे स्थिरावला. मोर्चाच्या अगदी उलट घडलं. आणि फौजेच्या मागून सामानसुमान घेऊन चालणारी सगळी बिनलढाऊ माणसं म्हणजे बुणगे. फारसीत बुनगाह म्हणजे सामान, बाडबिस्तरा. पानिपतावर बुणग्यांची संख्या फार होती म्हणून घात झाला, असं आपण शाळेपासून ऐकतो, आणि 'बाजारबुणगे' ही आपल्याकडे शिवी आहे. मला ती शिवी पटत नाही. स्वयंपाक करणारा, गवत कापणारा, तंबू ठोकणारा, जखमी उचलणारा हा बुणगा. 'गोट' हा तेवढा मानाचा राहिला. छावणीतली सरदाराची जागा ती, म्हणून 'त्यांच्या गोटातली बातमी'.

मोहीम, मुलूखगिरी, एल्गार यांवर फार थांबत नाही. मोहीम म्हणजे महत्त्वाचं काम; ती आता लसीकरणाची असते. 'स्वारी' तेवढी सांगतो, कारण ती घरात आली. मुलखावर चालून जाणारी स्वारी आमच्या आजीच्या तोंडी आजोबा झाली होती. नाव घ्यायचं नाही, मग 'कथा निंघनी स्वारी?', म्हणजे अहिराणीत 'कुठे निघाली स्वारी?' पिशवी घेऊन बाजाराला निघालेला म्हातारा, आणि त्याच्यासाठी घोडदळाचा शब्द. त्यात माया होती.

पण खान्देशाबद्दल बोलताना एक गोष्ट टाळता येत नाही. हे सगळे शब्द आपल्या वाट्याला बहुतेक दुसऱ्या बाजूनं आले. बुऱ्हाणपूर ते सुरत ही मोठी वाट आपल्यातून, दक्षिणेत उतरणारी वाट आपल्यातून, तापीकाठची काळी जमीन, कापूस, बाजारपेठा. कुणाचीही फौज इकडून जायची. धरणगावला इंग्रजांची वखार होती. ती पेठ 1675 मध्ये आणि पुन्हा 1679 मध्ये मराठी फौजेनं लुटली. 1681 च्या आरंभी संभाजी महाराजांच्या काळात बुऱ्हाणपूरचे पुरे, म्हणजे तटाबाहेरच्या पेठा, लुटले गेले. राज्याच्या दृष्टीनं ही लढाईची गरज होती, शत्रूचा पैसा तोडायचा होता, हे मला मान्य आहे. पण धरणगावच्या बाजूनं त्याला शब्द होता: धामधूम. आज लग्न धामधुमीत होतं. जुन्या मराठीत मुलखात धामधूम झाली म्हणजे फौजा आल्या, माणसं गुरं घेऊन रानात पळाली, पेरणी राहिली. 'खंडणी' तशीच. खंडून ठरवलेली रक्कम: एवढी द्या, गाव जाळत नाही. पाटलानं गावाच्या वतीनं घासाघीस करून ती ठरवायची. पुढे 1802-03 मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खान्देश उजाड केला आणि त्यावर 1803-04 चा दुष्काळ पडला. धामधूम हा शब्द त्या पिढीपुढे कुणी लग्नासाठी वापरला असता तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते.

मला नेहमी विचारतात, हे सगळे शब्द फारसी-अरबी, मग आपले कुठले? हा प्रश्न महाराजांनाही पडला होता. त्यांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दहा वर्ग, सुमारे 1,380 शब्द. त्यात शस्त्रवर्ग आहे, चतुरंगवर्ग आहे, दुर्गवर्ग आहे. रूढ फारसी शब्दांना संस्कृत पर्याय. काम फार मोलाचं. त्यात टीकाकारांना उद्देशून एक श्लोक आहे, तो आपण केळीच्या मुलखातल्या लोकांनी तरी पाठ करायला हवा. जाणकारांना हे पटलं आहे, अज्ञ लोकांनी थट्टा केली म्हणून काय बिघडतं? 'रोचते किं क्रमेलाय मधुरं कदलीफलम्?' उंटाला कधी गोड केळं आवडतं का? तो कोश झाला, काही शब्द रुळले, पण पेशवाईच्या अखेरपर्यंत फौजेतले बहुतेक शब्द फारसीच राहिले. माझं मत असं की तेही आता आपलेच आहेत. 'गनिमी कावा' हा आपल्या सगळ्यात अभिमानाचा शब्द. गनीम म्हणजे शत्रू. मोगल आपल्याला गनीम म्हणत. कावा म्हणजे घोड्याला गोल गोल फिरवणं, पुढे जातो असं दाखवून वळवणं. शत्रूनं दिलेलं नाव आणि घोड्याची एक चाल, एवढ्यावर आपण तो शब्द उभा केला. त्याला परका कोण म्हणेल?

आता शेवटचे दोन शब्द, आणि त्यासाठी आपल्याला सातपुड्यावर चढावं लागेल.

अशीरगड. खान्देशच्या फारुकी सुलतानांचा किल्ला, बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला, त्या काळातल्या सगळ्यात बळकट किल्ल्यांपैकी एक. 1600 मध्ये अकबर स्वतः बुऱ्हाणपूरला येऊन बसला आणि वेढा पडला. खाली मोर्चे लागले. कातळ असा की सुरुंगाची मात्रा चालेना. सुरुंग म्हणजे तेव्हा तटाखाली खणायचा बोगदा, त्यात दारू भरून तट उडवायचा. आज आपण विहिरीला लावतो तो सुरुंग त्याच कातळाशी झगडतो, म्हणून आपल्याला तो प्रकार चांगला समजावा. मोगलांनी बाहेरचा मलयगड घेतला, पण वरचा किल्ला भांडत राहिला. आत माणसांची आणि जनावरांची दाटी, रोगराई पसरली. शेवटी जानेवारी 1601 मध्ये किल्ला अकबराच्या हाती आला, तट न फुटता. फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर या विजयाचा लेख आहे; खान्देशाचं नाव तेव्हा त्यानं मुलाच्या, दानियालच्या नावावरून 'दानदेश' केलं. ते नाव टिकलं नाही.

किल्ला पडला तो कसा, याबद्दल फारसी इतिहासकार एक सांगतात आणि अकबराबरोबर असलेले जेझुइट पाद्री दुसरं. पण दोन्हीकडच्या हकिकती दोन शब्दांभोवती फिरतात: फितूर आणि कौल.

फितूर. अरबीत 'फुतूर' म्हणजे ढिलेपणा, शैथिल्य. मराठीत त्याचा अर्थ शत्रूला मिळणं असा झाला. महिनोन्‌महिने वेढ्यात अडकलेल्या माणसाचा आधी धीर ढिला होतो आणि मग दरवाजाचा अडसर. (अडसर म्हणजे दाराला आतून लावायचा लाकडी आडवा दांडा, आज तो सगळ्या कामांत येतो.) फितुरीची सुरुवात हावेतूनच होते असं नाही, थकव्यातूनही होते, एवढं त्या मूळ अर्थात दडलं आहे. आज वर्तमानपत्रात 'साक्षीदार फितूर' अशी बातमी येते. वर्षानुवर्षं तारखांना येऊन थकलेला तो माणूस पाहिला की मला मूळ अर्थ आठवतो.

आणि कौल. अरबीत कौल म्हणजे बोललेला शब्द, वचन. घराच्या छपरावरचं कौल निराळं. वेढ्यात अडकलेल्यांना बाहेरचा सेनापती कौल देई: हत्यार खाली ठेवा, जिवाला धक्का लागणार नाही. त्या कागदावर किंवा हातावर ठेवलेल्या हातावर विश्वास ठेवून माणसं दरवाजा उघडत. ओसाड जमीन लागवडीला आणायची तर रयतेला सारा माफ असल्याचा कौल, देवीपुढे लावायचा कौल, आणि आज निवडणुकीत जनतेचा कौल. सगळीकडे अर्थ एकच. शब्द दिला आहे, आता फिरायचं नाही.

कौल देणाऱ्याचं बोलणं घेणाऱ्याला समजलंच नाही तर काय होतं, हे आपल्या थाळनेरनं पाहिलं आहे. मध्ययुग तेव्हा सरलं होतं, पण किल्ला तोच, रीत तीच. फारुकींची पहिली राजधानी, तापीच्या काठावर. होळकरांनी तहात हा मुलूख इंग्रजांना दिला होता. 27 फेब्रुवारी 1818 रोजी इंग्रज सेनापती हिस्लॉप किल्ल्यापुढे आला. आत किल्लेदार तुळशीराम आणि अरब शिबंदी, म्हणजे किल्ल्याची पगारी फौज. तोफा चालल्या, मग बोलणी झाली, बाहेरचे दरवाजे उघडले. शेवटच्या दरवाजाची दिंडी, म्हणजे मोठ्या दारातलं लहान दार, उघडून काही इंग्रज अधिकारी आत गेले. आतले अरब अरबी बोलणारे, बाहेरचे इंग्रजी, मधली भाषा कुणाला पुरती येत नव्हती. हत्यार ठेवायचं ते कोणत्या अटीवर, जीव राखणार की नाही, हे एकमेकांना नीट कळलं नाही, असं त्या काळच्या इंग्रज लेखकांनीच लिहून ठेवलं आहे. दिंडीत झटापट झाली, आत गेलेल्यांतले काही अधिकारी मारले गेले. मग बाहेरची फौज घुसली आणि सुमारे तीनशे माणसांची शिबंदी कापली गेली. किल्लेदाराला फाशी दिलं.

शिरपूरकडे जाताना थाळनेरला उतरा. किल्ल्याचा बराचसा भाग तापीनं नेला आहे. फारुकींच्या कबरी अजून उभ्या आहेत, त्यांच्या भिंतींवरची नक्षी अजून चांगली आहे. त्या दिंडीची जागा कुठली असेल हे मी दोनदा शोधलं, काठावरची माती पाय ठेवला की सुटते.